कचेरीचे दार, घराची कडी

घरी बसून कचेरीतला संगणक चालविता येतो, ही गोष्ट आज कोणास नवलाची वाटत नाही. एखाद्या जाणत्या तरुणाकडून जुळणी करून घ्यावी, पासवर्ड ठरवावा आणि विरारच्या घरातून फोर्टातल्या कचेरीचे टेबल उघडावे, इतके ते सोपे झाले आहे. परंतु जी गोष्ट सोपी होते, तिच्याविषयी विचार करण्याची सवय सुटते. आम्हांस वाटते की, या जुळणीत तारा, यंत्रे आणि परवलीचे शब्द यांच्यापलीकडचा एक प्रश्न दडलेला आहे. तो असा : कचेरीत शिरण्यासाठी घराच्या भिंतीत जे दार आपण काढतो, त्याची कडी कोणाच्या हाती असावी?

प्रश्न नीट कळावा म्हणून ही सोय प्रत्यक्षात काय करते ते आधी पाहू. मुंबईतील एखाद्या लहान सनदी लेखापालाच्या कचेरीतला हिशेबनीस डोळ्यांपुढे आणावा. अशिलांचे हिशेब टॅलीसारख्या प्रणालीत, कचेरीतल्या एका संगणकात साठविलेले आहेत. ते सारे उचलून घरी आणणे सोयीचे नाही आणि योग्यही नाही. म्हणून हिशेब जागीच राहतात आणि हिशेबनीसच त्यांच्याकडे जातो. मात्र शरीराने नव्हे. काम होते ते कचेरीतल्याच यंत्रावर. घरच्या पडद्यावर उमटते ते त्या यंत्राच्या पडद्याचे चित्र, आणि घरून तिकडे जातात ते कळफलकावरचे ठोके व माऊसच्या हालचाली. मुद्दाम नक्कल करून घेतली नाही, तर वहीचे एक पानही कचेरीबाहेर पडत नाही. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली विंडोज एनटीच्या एका खास आवृत्तीतून ही सोय आणली आणि २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून ती सामान्य कचेऱ्यांच्या टेबलापर्यंत पोहोचली.

या सोयीच्या काही अटी आहेत. पहिली अट अशी की, कचेरीतल्या यंत्राने झोपता कामा नये. वीज वाचविण्यासाठी संगणक काही वेळाने आपोआप निद्रिस्त होतो. ती व्यवस्था आधी बंद करावी लागते. मग ते यंत्र रात्रंदिवस जागे राहून हाकेची वाट पाहते. ज्या क्रमांकाच्या वाटेवर ते कान लावून असते, तिला पोर्ट म्हणतात. विंडोजच्या या सोयीचा पोर्ट ठरलेला आहे, ३३८९. कचेरीच्या राउटरमधून ही वाट सरळ बाहेरच्या जगाला मोकळी करून दिली, तर आपल्याबरोबर जगातला कोणीही ती ठोठावू शकतो. ठोठावणारी बहुधा माणसे नसतात. सुट्टी आणि झोप न जाणणाऱ्या स्वयंचलित प्रणाली असतात. २०१९ च्या मे महिन्यात या सोयीच्या जुन्या आवृत्त्यांमधला एक दोष उघडकीस आला. पासवर्डाशिवायही परक्याला यंत्राचा ताबा मिळावा, इतका तो गंभीर होता. ज्या विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच थांबविली होती, तिच्यासाठीसुद्धा त्या वेळी तिला दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली.

म्हणूनच जाणकार बजावतात की ही वाट उघड्यावर ठेवू नये. व्हीपीएनचा बंदिस्त मार्ग करून त्यातूनच आत यावे. पासवर्डाबरोबर दुसरी खूणही मागावी. ज्यांचे खरोखर काम आहे त्यांनाच प्रवेश द्यावा. चार वेळा चुकीचा शब्द पडला की दार काही काळ बंद व्हावे. कोण केव्हा आले आणि केव्हा गेले याची नोंद राहावी. एका निर्जीव यंत्राच्या रक्षणासाठी माणसाने किती विचार केला आहे पाहा! त्या यंत्रासमोर घरी जो बसतो, त्याच्याविषयी मात्र जुळणीच्या दिवशी कोणी फारसे बोलत नाही. त्याच्या घराला पोर्ट किती आणि ते कोणी बंद करायचे, हा प्रश्न त्या यादीत नसतो.

तथापि या सोयीचे देणे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे. जाऊन येऊन तीन-चार तास गाडीच्या दांडीला लोंबकळत घालविणाऱ्या माणसांनी आमची गावे भरलेली आहेत. १९७३ साली अमेरिकेत जॅक निल्स या अभियंत्याने घरून काम करण्याच्या कल्पनेस नाव दिले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढेही असाच प्रश्न होता : माणसे कामाकडे ने-आण करण्यापेक्षा काम माणसांकडे का पाठवू नये? तान्हे मूल असलेली आई, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांजवळ थांबलेला मुलगा, रेल्वेचा जिना चढू न शकणारा अपंग कारकून, यांना या सोयीने नोकरी आणि कर्तव्य यांतून एकाची निवड करण्याच्या संकटातून सोडविले आहे. २०२० च्या मार्च महिन्यात देश बंद झाला, लोकल थांबल्या, तेव्हा कित्येक घरांची चूल या एका जुळणीमुळे पेटती राहिली. हे ऋण मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

या सोयीवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप वेगळाच असतो. घरी बसलेला माणूस काम करतो कशावरून, असे मालक विचारतो. हा प्रश्न अगदीच अन्यायाचा नाही. पगार देणाऱ्याला कामाविषयी विचारण्याचा अधिकार आहे. पण खुर्ची भरलेली असणे आणि काम होत असणे या दोन गोष्टी कचेरीतही कधी एक नव्हत्या. आता काही ठिकाणी अशा प्रणाली बसवितात की, घरच्या माणसाच्या पडद्याचे ठरावीक वेळाने चित्र घेतले जाते, कळफलकावरचे ठोके मोजले जातात, क्वचित कॅमेराही सुरू ठेवायला सांगितले जाते. ताळेबंदातली एक चुकीची नोंद शोधण्यासाठी हिशेबनीस तासभर आकड्यांकडे पाहत बसला, तर त्या तासात त्याचा एकही ठोका पडणार नाही. आणि तोच त्याच्या दिवसातला सर्वांत मोलाचा तास असेल. शिवाय कॅमेऱ्याच्या चौकटीत केवळ नोकर येत नाही. मागून जाणारी पत्नी, अभ्यासाला बसलेले मूल, खोकणारे आजोबा हेही येतात. त्यांनी कोणत्याही नेमणूकपत्रावर सही केलेली नाही. मालकाने कामाचे फळ मागावे, त्याचा हिशेब मागावा. परंतु घराच्या आत डोळा लावून बसण्याचा अधिकार वेतनातून विकत मिळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र विश्वास मागणाऱ्यावरही विश्वास सांभाळण्याचा भार असतो. हिशेबनीसाच्या पडद्यावर जे दिसते ते त्याचे स्वतःचे नसते. कोणत्या दुकानदाराचे कर्ज थकले आहे, कोणी कोणत्या आजारावर किती खर्च केला, कोणत्या भावांनी वडिलोपार्जित जमीन विकली, हे सारे त्या आकड्यांत वाचता येते. कचेरीत या गुपितांना चार भिंती होत्या. घरी ती जेवणाच्या टेबलावर उघडी पडतात. आपल्या गावांत शेजारी अजून हाक न मारता थेट ओटीवर येतात आणि ते आपले भूषणही आहे. पण त्याच ओटीवर दुसऱ्या कोणाचा ताळेबंद उघडा असेल, तर आपल्या आदरातिथ्याची किंमत तिसऱ्यानेच मोजलेली असते. पासवर्ड मुलाला सांगून ‘जरा यंत्र सुरू कर’ म्हणणे हेही त्यातलेच. फोनवरच्या अनोळखी गोड आवाजाला आपल्या यंत्रात शिरू देणे तर त्याहून घातक. अशा प्रवेशाची ॲपे लोकांकडून उतरवून घेऊन भामटे त्यांची खाती रिकामी करतात, असा इशारा रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच दिला होता. तेव्हा कडीचा पहिला अर्थ हा की, आत कोण आहे आणि बाहेर काय जाते, याविषयी घरी बसणाऱ्याने दक्ष असावे.

आणखी एका माणसाचा विचार बहुधा कोणी करीत नाही. कचेरीतली वीज जाते, यंत्र बंद पडते आणि घरी बसलेल्याचा पडदा काळा होतो. मग जवळ राहणाऱ्या शिपायाला फोन जातो : ‘जरा जाऊन बटण दाब.’ तो दिवस रविवारचा असतो. एकाच्या घरी बसण्याच्या सोयीपायी दुसऱ्याचे घरी बसणे मोडते, आणि हा दुसरा नेहमी तोच असतो ज्याच्या कामाला घरून करण्याची सोय मुळातच नाही. वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी तजवीज संगणकात करून ठेवता येते. पाच मिनिटांचे काम आहे. ती आठवणीने करणे यास आम्ही तांत्रिक कौशल्य न म्हणता शेजारधर्म म्हणू.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या प्रणालीत एक बारकावा आहे, तो आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. काम झाल्यावर आपण पडद्यावरची खिडकी मिटतो आणि उठतो. आपल्याला वाटते, आपण कचेरीतून बाहेर पडलो. प्रत्यक्षात तसे झालेले नसते. खिडकी मिटल्याने केवळ जोडणी तुटते. तिकडे कचेरीतल्या यंत्रावर आपल्या नावाचे सत्र चालूच राहते, आपण उघडलेल्या वह्या उघड्याच राहतात. खरोखर बाहेर पडायचे तर ‘साइन आउट’ हा वेगळा आदेश द्यावा लागतो. त्या वेळी यंत्र विचारते की अमुक काम जतन केलेले नाही, त्याचे काय करू? त्याला उत्तर देऊन, एकेक वही मिटून मगच निघता येते.

घरून काम करणाऱ्या पुष्कळांची अवस्था अशीच झाली आहे. खिडकी मिटते, सत्र चालूच राहते. जेवताना, मुलाशी बोलताना, अंथरुणावर पाठ टेकताना मनाच्या कोपऱ्यात ती वही उघडीच असते. पूर्वी गाडीच्या दीड तासाच्या प्रवासात, त्रास सोसून का होईना, माणूस हळूहळू कचेरीतून बाहेर पडत असे. मीरा-भाईंदर ओलांडून खाडीचा वारा लागला की मन घराकडे वळत असे. तो प्रवास वाचला आणि त्याबरोबर निरोप घेण्याची वेळही गेली. घरात बसून घरी परतणे ही आता शिकावी लागणारी गोष्ट झाली आहे.

यावर कोणी म्हणेल, काम आणि घर एकत्र असणे आपल्याला नवे कुठे आहे? कुंभाराचे चाक अंगणातच फिरत असे. वसईच्या वाड्यांत केळी, पानवेली आणि फुले यांच्यामध्येच घर उभे असे, आणि घरातले लहानथोर सर्व त्या कामाला हातभार लावीत. हे खरे आहे. पण त्या कामाला स्वतःची सीमा होती. अंधार पडला की खुरपे ठेवावे लागे. अवेळी हाक आलीच तर ती अडलेल्या गाईची असे. जिवाची निकड असल्याशिवाय वाडी मध्यरात्री कोणास उठवीत नसे. हिशेबाच्या वहीला अशी निकड क्वचितच असते. वस्तू आणि सेवा कराचे विवरणपत्र ठरल्या तारखेपूर्वी भरावेच लागते हे आम्ही जाणतो. पण ती तारीख महिनाभर आधी ठाऊक असते. आदल्या रात्रीची धावपळ पुष्कळदा आळसाची किंवा बेशिस्तीची असते, आणि तिची किंमत मात्र कोणाच्या तरी घराने चुकविलेली असते. निकड कोणती आणि केवळ सोय कोणती, हा विवेक सुटला की अवेळची प्रत्येक हाक अडलेल्या गाईची वाटू लागते.

गिरणीच्या काळात मुंबईत भोंगा होत असे. कामावर बोलावणारा भोंगा सर्वांस आठवतो. पण पाळी सुटल्याचे सांगणाराही भोंगाच होता. गावात संध्याकाळची घंटा वाजली की शेतातला माणूस क्षणभर थांबून घराकडे वळे. या नव्या दाराला भोंगा नाही, घंटाही नाही. आणि गिरणी कामगाराची सुट्टीही आपोआप आलेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा भरविल्या, अर्ज केले, तेव्हा कुठे १८९० साली रविवारची सुट्टी गिरणी मालकांनी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या विश्रांतीच्या हक्काचा पुरस्कार केला. मुंबईतला सत्यशोधक आणि रोममधले पोप यांची एकमेकांशी ओळख नव्हती. पण माणूस हा केवळ त्याच्या श्रमाएवढा नाही, हे दोघांनाही दिसले होते. आज ज्या रविवारी आपण सहज संगणक उघडून ‘जरा एक नोंद’ पाहतो, तो रविवार कोणीतरी झगडून मिळविलेला आहे, याचे स्मरण असावे.

आजच्या काळातही कायदे या दिशेने हलू लागले आहेत. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना आपल्या कामगारांशी, कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काविषयी वाटाघाट करावी लागते. पोर्तुगालने २०२१ साली कायदा करून, विश्रांतीच्या वेळी कामगाराशी संपर्क न साधण्याचे बंधन मालकावर घातले. आपल्या लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली याच हक्कासाठी खासगी विधेयक मांडले होते. ते संमत झाले नाही.

कायदा आवश्यक आहे, पण आमच्या मते तो अर्धेच काम करील. कारण हे दार पुष्कळदा मालक उघडीत नाही, आपणच उघडतो. ‘मला कोणी सांगितले नाही, मी आपखुशीने रात्री अकराला बसतो,’ असे म्हणणारा माणूस आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची निष्ठा खरी असेल. परंतु रात्री अकराला त्याने पाठविलेला हिशेब सकाळी सर्वांस दिसतो, आणि सहा वाजता साइन आउट करून मुलाला घेऊन फिरायला गेलेला त्याचा सहकारी विनाकारण आळशी ठरतो. उद्या तोही अकराला बसेल. परवा अकरा ही कचेरीची वेळ होईल आणि तिचा हुकूम कोणी काढला हे कोणालाच सांगता येणार नाही. जेथे एकाच्या हाती नोकरी देणे असते आणि दुसऱ्याच्या हाती केवळ ती टिकविणे, तेथे आपखुशी हा शब्द फार जपून वापरावा. एकट्याने केलेला त्याग जेव्हा इतरांवर लादला जातो, तेव्हा तो त्याग राहत नाही.

म्हणून आम्हांस वाटते की, ज्या दिवशी घरून प्रवेशाची जुळणी करायची, त्याच दिवशी पासवर्डाबरोबर आणखी काही गोष्टी ठरवून कागदावर घ्याव्यात. प्रवेश कोणास आणि कोणत्या कामासाठी, किती वाजेपर्यंत, खरी निकड कशास म्हणावयाचे आणि ती कोणी ठरवायची, आणि वेळेनंतर उत्तर न देणाऱ्याकडे कोणीही वाकड्या नजरेने पाहणार नाही याची हमी. ज्या यंत्राला कोण केव्हा आले-गेले याची नोंद ठेवता येते, त्याला ठरल्या वेळेनंतर प्रवेश नाकारायलाही सांगता येते. विंडोजमध्ये प्रत्येक वापरणाऱ्याच्या प्रवेशाचे तास ठरवून देण्याची सोय आहे. म्हणजे कडी बसविणे शक्य आहे. ती बसवायची की नाही, एवढाच प्रश्न उरतो. मालकाने ती आपल्या हाताने बसवून दिली, तर त्याच्या विश्वासाला अर्थ येईल. आणि नोकराने ती संध्याकाळी आपल्या हाताने लावली, तर त्याच्या सचोटीला बाध येणार नाही. उलट उद्या सकाळी तो ताज्या मनाने दार उघडील.

रोजच्या व्यवहारात याची सुरुवात अगदी साधी आहे. काम आटोपल्यावर नुसती खिडकी मिटून उठू नये. यंत्र जे विचारते त्यास उत्तर द्यावे, उघड्या वह्या एकेक करून मिटाव्यात, साइन आउट करावे आणि मग शेजारच्या खोलीत आपली वाट पाहणाऱ्या माणसांकडे जावे. तेथे जाण्यास पासवर्ड लागत नाही. पण तेथे पूर्णपणे हजर असावे लागते.